साखरच तर आहे

आईला मधुमेह आहे, आणि गेल्या वर्षी लघवीला जळजळ होण्याचा त्रास सारखा उलटत होता. आमच्या धावडा गावात बायका ही गोष्ट जावेलासुद्धा सांगत नाहीत. आईनं मला फोनवर सांगितली, तीही आवाज बारीक करून.

मी परतूरला शिक्षिका. शाळेतल्या एका मैत्रिणीला याच त्रासात मॅनोज नावाच्या साखरेच्या पावडरीनं बरं वाटलं होतं. मी कुणाला न विचारता डबा मागवला आणि आईला नेऊन दिला. "साखरच तर आहे, कसला त्रास होणार?" असं वर सांगून आले.

आठ दिवसांनी आईचा फोन. "पोट डब्ब होऊन राह्यलंय. पातळ बी होतंय."

"फेकून दे तो डबा!"

"फेकू कशाला? मी समदं लिहून ठेवलंय. डॉक्टरीणबाईला दाखवू."

आई चौथी शिकलेली. भोकरदनच्या दवाखान्यात तिनं टेबलावर डबा ठेवला, शेजारी वही. रोज किती चमचे, कधी घेतले, पोट कसं राहिलं, सगळं मोठ्या वाकड्या अक्षरात. मी बोलायला लागले तर तिनं हातानंच मला थांबवलं.

"बाई, ही बी साखरच ना? माझी शुगर वाढंल का? माझ्या गोळ्यांसंगं चालंल का?"

डॉक्टरीणबाईंनी वही पूर्ण वाचली. घरचा चमचा डब्यातल्या मापापेक्षा मोठा होता. आई जवळपास दुप्पट घेत होती. त्यानंच पोट फुगलं होतं. त्या म्हणाल्या, "मधुमेह असला, किडनीचा त्रास असला किंवा बाई गरोदर असली, तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. ताप आला, कंबर दुखली, लघवीत रक्त दिसलं, तर पावडरीच्या भरवशावर राहू नका. सरळ इकडे या." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तरी आधी विचारायचं."

मी मान खाली घातली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, औषधं सुरू झाली, आणि आई बरी झाली.

महिनाभरानं मी गावी गेले तेव्हा आईच्या बचत गटाची बैठक होती, मीही जाऊन बसले. काम उरकल्यावर आई उभी राहिली.

"लघवीला आग कोणाकोणाला होते? हात वर करा."

पदराआड हसू फुटलं. कुणी हलेना. आईनं स्वतःचा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. हळूहळू दुसरा वर आला, मग तिसरा, चौथा. मग तिनं सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, बिलकुल न लपवता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझी मान ताठ झाली होती.

पुढच्या सोमवारी तिघीजणी तपासणीला निघाल्या. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी आई बसली होती.