कॅसेटची पहिली बाजू

इंग्लंडमधल्या गॉथिक रॉकबद्दल मला जे माहीत आहे ते पुस्तकांतून. खरं तर ते मला माझ्या धाकट्या भावाने आधीच सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकात आम्ही शारजात, रोल्ला चौकाजवळ राहायचो. मी शाळेत इतिहास शिकवायचे, तो कॉलेजात होता. त्याच्या खोलीतून एक खोल, ओढून गाणारा पुरुषी आवाज आणि एकसुरी ठोके ऐकू येत. लंडनहून येणारी संगीताची मासिकं तो घ्यायचा. त्यांतल्या उघड्या दंडांवर आणि पाठींवर तिथल्या सेन्सॉरने काळा मार्कर फिरवलेला असे. "बघ ताई, दे मेड देम इव्हन मोअर गॉथ!" तो हसायचा. मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच होती.

एकदा मी म्हटलं, "कोण मेलंय रे यांचं?"

"ताई, यू टीच हिस्ट्री. धिस ऑल्सो हॅज हिस्ट्री."

आठवड्याभराने त्याने माझ्या टेबलावर नव्वद मिनिटांची एक कॅसेट ठेवली. "फुल स्टोरी. फ्रॉम द बिगिनिंग." कोणी पुसू नये म्हणून तिच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे त्याने मोडले होते. ऐकते, म्हटलं. वह्या तपासायच्या राहिल्या होत्या.

तेव्हा फोन महाग. कॅसेटवर बोलायचं आणि ती गावी निघालेल्याच्या हाती द्यायची, असं घरोघरी चाले. त्या शुक्रवारी शेजारचे काका अचानक निघाले आणि आईला पुण्याच्या मावशीला आवाज पाठवायचा होता. घरात कोरी कॅसेट नव्हती.

"यल्ला, चल लवकर, बघ काहीतरी," बाबा म्हणाले, "ते सामान खाली नेताहेत."

मी भावाच्या कॅसेटवर, तुकडे मोडून पडलेल्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली; तसं केलं की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं. ती भोकं कशासाठी होती, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "आधी ऐकलीस?"

"नाही."

"खलास. इट्स ओके."

त्याने ती पुन्हा केली नाही. मीही मागितली नाही.

काही वर्षांनी त्याला खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली. सुट्टीला घरी येताना डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली, आणि तो गेला. पुढे मावशीने ती कॅसेट परत पाठवली. आईच्या आवाजासाठी तिने ती जपली होती.

पहिली बाजू सगळी आईबाबांची. दुसरीवरही बराच वेळ माझ्या लग्नाची चिंता, लोणचं पोचल्याचा निरोप. मग खट्ट असा आवाज, आणि भाऊ. मराठीत बोलत होता, शब्द शोधत, अडखळत. फक्त माझ्यासाठी.

"पहिल्या बाजूला सांगितलं ना ताई, तेच इथे परत येतं. ऐक." मग गाणं, आणि गाण्याच्या मध्येच फीत संपते.

तेच म्हणजे काय? तेव्हापासून मी वाचते आहे. पंक विझत आलं तेव्हा कारखाने बंद पडणाऱ्या इंग्रजी गावांत ही मुलं वाद्यं घेऊन बसली. मागे राहणारी बास गिटार त्यांनी पुढे आणली, दुसरी गिटार घुमत ठेवली. एका बँडने ढोलवाल्याच्या जागी यंत्र बसवलं. लंडनमध्ये काळे कपडे घालून जमायला एक क्लब निघाला. गॉथ हे नाव बहुतेकांनी झिडकारलं. पुढे गाणी भव्य झाली, प्रेक्षक वाढले, आणि नव्वदनंतर सगळं परत छोट्या क्लबांत गेलं.

यातलं काय त्याने पहिल्या बाजूला सांगितलं असेल? कधी वाटतं, ती बास गिटार. कधी वाटतं, ते यंत्राचे ठोके. वर्गात मुलांना मी सांगायचे, आधी मूळ साधन बघा, मग इतरांनी लिहिलेलं वाचा. चिकटपट्टी अजून त्या भोकांवर आहे. आता ती काढून काही उपयोग नाही.