बाईंचे एकेचाळीस आकडे

"तुम्ही पाहिलंय, की वाचलंय?"

कुणी काही ठामपणे सांगायला लागलं, की बाई चष्मा नाकावर खाली ओढून हे विचारायच्या. समोरचा गडबडायचा. आपण छातीठोकपणे सांगतो त्यातलं बहुतेक वाचलेलं नाहीतर ऐकलेलंच असतं, हे त्याला तेव्हा कळायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यापुढे बोलताना जीभ आपोआप जपून चालते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्यात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, असली कामं. एका दुपारी बाई कापडी पिशवीतून पाच जाडजूड वह्या घेऊन आल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मालकांनी एक वही उघडली, आकड्यांचे रकाने पाहिले आणि विचारलं, "पंचांग व्हय?"

"नाही."

"मग राशीभविष्य?"

"ताऱ्यांची यादी आहे. साताऱ्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या."

"आवं, तारे तर सगळ्यांनाच दिसत्यात की. यादी कशाला?"

बाईंनी चष्मा खाली ओढला. "मृगाच्या पट्ट्यात तीन तारे असतात. त्यातला सगळ्यांत फिका कोणता?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. जन्मापासून ते तीन तारे पाहत आलो होतो.

ताऱ्याच्या तेजाला 'प्रत' म्हणतात, हे मला त्या वह्यांमुळे कळलं. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा जेमतेम दिसणारा. बाई प्रत्येक ताऱ्याची शेजारच्या दोन ताऱ्यांशी तुलना करायच्या. याच्याहून फिका, त्याच्याहून उजळ, असं ठरवत ठरवत दशांश चिन्हापुढचा एक आकडा लिहायच्या. शेजारी रंग लिहायच्या. असं बारा वर्षं. ताऱ्यांच्या जागा त्यांनी नकाशावरून घेतल्या होत्या आणि प्रस्तावनेत ते सरळ कबूल केलं होतं. तेज आणि रंग मात्र स्वतःच्या डोळ्यांचे. मराठीत हे त्यांच्या आधी कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या बारा वर्षांत त्यांना कुणी सुखाने काही करू दिलं असेल तर शपथ! गच्चीसमोर नगरपालिकेने मोठा दिवा लावला, तेव्हा त्यांनी अर्ज केला, की दिव्यावर निदान झाकण तरी बसवा. सहा महिन्यांनी दोन माणसं शिडी घेऊन आली. बाई आनंदाने बाहेर आल्या. माणसांनी शेजारच्या खांबावर आणखी एक दिवा लावला. कुणा बाईमाणसाचा अर्ज आलाय, अंधाराची भीती वाटत असणार, असं कचेरीतले लोक समजले होते.

"मी मराठीतच लिहिला होता अर्ज," बाई मला सांगत होत्या. त्यांचा आवाज रागाने बारीक झाला होता.

मग त्या एसटीने वीसेक मैलांवरच्या एका खेड्यात जायला लागल्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीचे वडील फौजेतून निवृत्त होऊन तिथे ऊस करत होते. त्यांनी बाईंना आपलं खळं दिलं, बाजेवर घोंगडं टाकून दिलं आणि वर सांगितलं, "बाई, तुमी बिनघोर बसा. ते तिकांडं हाय न्हवं, पहाऱ्यावर आमी त्याच्यावरनंच टाइम बघायचो." बाईंनी यादीत मृगाच्या त्या तीन ताऱ्यांपुढे 'तिकांडं' असं लिहिलं आणि खाली त्या फौजीचं नाव घातलं. पण तिथेही कारखान्याचं गाळप सुरू झालं, की क्षितिजावर उजेडाचा पिवळा फुगा उभा राहायचा. गाळप संपलं की वळवाचे ढग, मग पाऊस. "वर्षातले माझे दिवस किती उरतात, मोजा तुम्हीच," त्या म्हणायच्या.

छपाईही तशीच अडत अडत चालली. आमच्याकडे आकड्यांचे खिळे लग्नाच्या तारखांपुरते. चार पानं जुळवली, की तीनचे खिळे संपायचे. तेवढी पानं छापून, खिळे सोडवून, पुन्हा पुढची जुळवायची. बाई प्रूफं तपासायला रोज येत. त्यांच्या नजरेतून एकही चूक सुटायची नाही, आणि चूक सापडली की त्या माझ्याकडे अशा पाहत, की मी मनातल्या मनात बाकावर उभा राहायचो.

आणि मग ते झालं. मृग होता त्या शेवटच्या पानांची प्रूफं बाईंनी पास केली होती. मालकांच्या ओळखीचे एक प्राध्यापक सहज म्हणून छापखान्यात आले. त्यांनी ती प्रूफं घरी नेली, इंग्रजी पुस्तकाशी ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तांबड्या शाईच्या खुणा करून परत आणली. एकेचाळीस आकडे पुस्तकाशी जुळत नव्हते.

"बाईंची फजिती हुईल," मालक मला म्हणाले. "गपचूप बदलून टाक. त्यांना कळायचंबी न्हाई."

मी चिमटा हातात घेतला आणि एकेचाळीस ठिकाणचे खिळे बदलले. आपण त्यांचं भलंच करतोय, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं. आज कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की बाईंचं घर पलीकडेच होतं; त्यांना विचारायला मला फक्त एक रस्ता ओलांडावा लागला असता.

बांधून झालेली पहिली प्रत मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेऊन वास घेतला आणि हसत मृगाचं पान उघडलं. हसू तिथेच थांबलं.

"हा आकडा माझा नाही."

त्यांनी पान उलटलं. "हाही नाही. कुणी बदलले?"

"मी," मी म्हणालो.

मालक मध्ये पडले. "बाई, एका प्राध्यापकांनी ताडून बघितलं, विंग्रजी पुस्तकात तसं हाय. मोठ्या दुर्बिणी लावून बघितलेलं—"

"मग ते पुस्तक छापा ना! माझं कशाला छापलंत?"

त्या ओरडल्या नाहीत. वर्गात मुलगी खोटं बोलली तर बोलतील, तशा बोलल्या. मालकांनी शुद्धिपत्र चिकटवून देतो म्हणून सांगितलं. "शुद्धिपत्र कोण वाचतं?" एवढंच बोलून बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या दौत आणि टाक घेऊन हजर. दारालगतच्या टेबलावर बसल्या आणि एकेका प्रतीतले एकेचाळीस आकडे खोडून हाताने लिहायला लागल्या. मी काम उरकून समोर बसलो आणि दुसरा गठ्ठा ओढला. त्यांनी मला नको म्हटलं नाही. माझ्याशी बोलल्याही नाहीत. आम्ही दिलेला चहा तसाच गार व्हायचा. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी माझ्या हातातली प्रत ओढून त्या म्हणाल्या, "तुमचा नऊ एकासारखा दिसतो. शेपूट नीट काढा." आणि चहाचा कप उचलला. मला रडू आवरेना. मी हात धुवायचं निमित्त करून मागे गेलो.

पुस्तक काही खपलं नाही. प्रदर्शनात लोक ते उचलत, रास शोधत आणि खाली ठेवत. एका वाचनालयाने घेतलं आणि ज्योतिषाच्या कपाटात लावलं. बाईंनी जाऊन ते विज्ञानाच्या कपाटात ठेवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ज्योतिषात. असं कितीदा तरी झालं. शेवटी ग्रंथपालांनी त्यांना विचारलं, "बाई, तुम्हाला नेमका त्रास काय आहे?"

दशक संपत आलं, तेव्हा बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मिरजेला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. महिना-दीड महिन्याने, फेब्रुवारीत, त्या छापखान्यात आल्या. चेहरा काही तरी हरवल्यासारखा.

"ते प्राध्यापक बरोबर होते," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या.

मला कळेना. त्या खुर्चीवर बसल्या. "काल खळ्यावर गेले होते. मृगातले तारे निळे आहेत हो! इतके निळे! आणि माझ्या यादीपेक्षा कितीतरी उजळ. माझ्या डोळ्यातलं भिंगच पिवळं पडत चाललं होतं. त्यातून निळे तारे फिकेच दिसणार. ते एकेचाळीसच्या एकेचाळीस तारे निळसर आहेत, मी रात्री ताडून पाहिलं." त्यांनी तळहाताने टेबलावर चापट मारली. "बारा वर्षं! आणि मला कळलं नाही."

मी चाचरत विचारलं, "मग उरलेल्या प्रतींमधले आकडे पुन्हा बदलायचे का?"

"अजिबात नाही. तेव्हा मला तसंच दिसत होतं. ते खोटं नाही. आता नव्या डोळ्यांनी नवी यादी करायची." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या. "निळे आहेत हो," पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की आनंद, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याच सुमारास आमचा छापखाना बंद पडला आणि मी सांगलीला नोकरीला आलो. बाईंची पत्रं यायची. त्यात ढगांवर, कारखान्यावर आणि नगरपालिकेवर संताप असायचा आणि शेवटी किती तारे झाले तो आकडा. मग एका महिन्यात पत्र आलं नाही. पुढच्या महिन्यात बाईंचा भाचा दारात उभा राहिला. झोपेतच गेल्या, म्हणाला. नवी वही त्यांनी माझ्या नावाने ठेवली होती.

वही अर्धीही भरलेली नव्हती. शेवटच्या ओळीत ताऱ्याचा क्रमांक होता, जागा होती, तुलनेसाठी निवडलेले शेजारचे दोन तारे होते. तेजाच्या प्रतीचा रकाना कोरा होता.

एका संध्याकाळी मी वही घेऊन सायकलवरून गावाबाहेर, कृष्णेच्या काठाने बराच पुढे गेलो. अंधारून आल्यावर नकाशा धरून तो तारा शोधला. तुलनेच्या पहिल्या ताऱ्याहून फिका वाटला. मग वाटलं, नाही, सारखाच आहे. डोळे मिटून पुन्हा उघडले, तर उजळ वाटला. तास दीड तास मी मान वर करून उभा होतो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही. घरी त्या प्राध्यापकांकडे होतं तसलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात तो आकडा छापलेला होता.

चौथ्या दिवशी मी पेन खिशाला लावलं आणि तो रकाना कोराच ठेवून वही मिटली.