बाबाची लांब नळी आणि आमचं गाऱ्हाणं

यंदा भावकीचा गणपती आमच्या घरात बसणार होता. पाळी फिरत फिरत आमच्याकडे आली, आणि मी कुठे, तर कुवेतात! वफ्र्याच्या वाटेवर एक खाजगी नेमबाजी रेंज आहे, तिथे बंदुका उघडायच्या, पुसायच्या, जोडायच्या हे माझं काम. मालकाला आम्ही बाबा म्हणतो. त्याची स्पर्धा नेमकी गणपतीतच. रजेचं नाव काढलं की म्हणायचा, "तुम जाता, तो बंदूक कौन देखेगा?"

मला रडूच यायचं बाकी होतं. मग काय, मारली फुशारकी. बाबाच्या रायफलीला दोन नळ्या, एक आखूड, एक लांब. म्हटलं, "बाबा, लांब लावून देतो, गोळी सुसाट जाईल, मग मला सोड." आमच्या गावात रानडुकरांसाठी जी ठासणीची बंदूक आहे ती माझ्याहून उंच. लांब ती चांगली, एवढंच आपलं शास्त्र. बाबा म्हणाला, पाच गोळ्या एका जागी पडल्या तर जा, नाहीतर खलास.

काडतुसं तो स्वतः भरतो, दारू सोनारासारखी तोलून. आधी आखूड नळी झाली. वेग बेताचा, पण भोकं एकमेकांना चिकटलेली. मग लांब. वेग मोजायच्या यंत्रावर आकडा असा चढला की मी नाचायलाच लागलो. आमचे ड्रायव्हर चाचा रत्नागिरीचे, ते दुर्बिणीतून बघून म्हणाले, "नाचतोस काय येड्या, कागदाची चाळण केलीन, पाच भोकं पाच दिशांना!"

माझा नाच तिथेच थांबला. बाबा मात्र मजेत. बारीक लांब नळी गोळी सुटताना थरथरते म्हणे, तिला तिच्या पोटाला मानवेल एवढाच दारूचा घास लागतो. त्याने दारू जराशी कमी करून नवी काडतुसं भरली.

"वेग घटेल ना, बाबा!"

"घटने दो."

मला राहवेना. चपला काढल्या, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, गोळी सावकाश गेली तरी चलात, पण नळीची थरथर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाचा ओरडले. त्यांचं बालपण देवळाशेजारी गेलेलं.

बाबाने विचारलं, हे काय? चाचा म्हणाले, "आमीन जैसा है, बाबा." झालं, बाबाही छाती फुगवून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

पाच गोळ्या सुटल्या. आकडा खरंच उतरला होता. चाचांनी कागद आणला, त्यावर बोट ठेवलं, आणि पाचही भोकं बोटाखाली झाकली गेली. मी बाबाला उचललंच! तो हसत ओरडत होता, "यल्ला, जाओ, जाओ!"

गावी गणपतीसमोर थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. शेवटी मी हळूच घुसवलं, "आणि आमच्या बाबाच्या लांब नळीक यश दी रे म्हाराजा!" कसली नळी, कुणाचा बाबा, कोणी विचारलंसुद्धा नाही. अख्खी वाडी गरजली, "व्हय म्हाराजा!" आणि सगळे थांबल्यावर, माझ्या हातात चालू असलेल्या फोनमधून, एकट्या बाबाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"