कूलरच्या टाकीतला बांगलादेश

काही माणसं डोक्यात जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील माझ्या डोक्यात गेले, ते अजून उतरलेले नाहीत.

मी भोपाळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. हवामानबदलाला कुठला देश कसा तोंड देतोय, हे आठवीच्या पोरांनी शोधायचं होतं. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. या मुलीला बांगलादेश आला आणि दुसऱ्याच दिवशी वडील हजर. पुण्याहून बदलून आलेले इंजिनिअर.

"तुम्ही मराठी, म्हणून स्पष्ट बोलतो मॅडम. बांगलादेश काय शिकवणार आपल्याला? नॉर्वे द्या."

"देश म्हणजे काय साडी आहे का सर, पसंद नाही आली तर वापस करायला?"

"तुमचं मराठी फारच हिंदी झालंय हं," म्हणाले आणि वर हसले.

अस्सा संताप आला! माझे आजोबा नागपूरहून इथे सरकारी नोकरीत आले, मी इथल्याच कोटरा वस्तीत वाढले, आमचं मराठी असंच आहे. तुमच्या घरचं काय जातं? पण पालकांशी असं बोलता येत नाही, म्हणून गिळलं.

मुलगी मात्र बांगलादेशच्या नादाला लागली होती. तिकडे शेतं पाण्याखाली गेली, की शेतकरी जलकुंभीचे, म्हणजे पुण्याकडच्या जलपर्णीचे, जाड थर रचून तराफा करतात आणि त्यावर भाजी पिकवतात, हे तिनं शोधून काढलं. जलकुंभी आमच्या शाहपुऱ्याच्या तलावात हवी तेवढी. आईला घेऊन गेली, पिशव्या भरून आणली, जुन्या कूलरच्या टाकीत पाणी भरून तराफा केला, वर माती घालून मेथी पेरली. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी ही पोर आता मला कॉरिडॉरमध्ये गाठायची. "मॅडम, उगवली!" "मॅडम, बुडत नाहीये!" मला इतका आनंद व्हायचा, की विचारू नका.

वडील थेट प्रिन्सिपलकडे गेले. मी तिथे जाऊन भांडले. "जाने दीजिए मैडम, पेरेंट हैं," एवढं बोलून प्रिन्सिपलनी देश बदलून टाकला. घरी वडिलांनी टाकी कचऱ्यात रिकामी केली. कारण काय, तर डास होतात. मग दुकानातून नॉर्वेचा गुळगुळीत चार्ट छापून आणला आणि भाषण पाठ करून घेतलं.

पोरांनी आपापला देश मांडायच्या कार्यक्रमाला वडील पहिल्या रांगेत मोबाईल उंच धरून बसले होते. मुलगी वरच्या पंख्याकडे बघत नॉर्वे घडाघडा बोलली. कुठे अडखळली नाही, कुठे हसली नाही. टाळ्या झाल्या. परीक्षकांना काही विचारायचं नव्हतं.

मला होतं. मी उठले आणि मुद्दाम मराठीत विचारलं, म्हणजे ज्याला समजायचं त्याला समजेल. "बेटा, बांगलादेशात पाणी चढलं की शेतांचं काय होतं?"

प्रिन्सिपलनी माझ्याकडे डोळे वटारले. वटारोत.

तिनं पंख्यावरची नजर काढली आणि सरळ वडिलांच्या मोबाईलमध्ये बघितलं.

"तरंगतात, मॅडम," ती म्हणाली. "कोणी फेकून दिली नाहीत तर."