मऊ इस्त्री

आमचे काका रागीट. बाबा धाकट्या भावाची बाजू घेत म्हणायचे, "तापट आहे, पण मनाने फार चांगला." भाजीत मीठ कमी पडलं की हे चांगलं मन हाताला लागेल ती वस्तू उचलून काकूकडे भिरकावायचं. किटली, कुलूप, एकदा तर इस्त्री. तिच्या भुवईवर खोक पडली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमताने दाराला दोषी ठरवलं.

काकू सोफ्याची कव्हरं शिवायच्या दुकानात कामाला होती. तिथल्या चिंध्यांतून तिने आधी इस्त्री शिवली. करड्या कापडाची, आत कापूस ठासलेली, वायर आणि प्लगसकट. खरी इस्त्री कपाटात कुलपात गेली आणि ही टेबलावर बसली. पुढच्या भांडणात काकांनी ती नेम धरून फेकली. ती काकूच्या खांद्याला टेकून अलगद खाली पडली. मला हसू फुटलं, त्याबद्दल मीही बोलणी खाल्ली.

मग काकू थांबेना. किटली, पकड, हातोडी, पितळी फुलदाणी, सगळ्यांची कापडी जुळी भावंडं झाली. लांबून फरक कळायचा नाही. काकांची भलतीच पंचाईत झाली. फेकण्याआधी वस्तू दाबून पाहावी लागे, आणि दाबून पाहीपर्यंत राग ओसरे. बिचाऱ्यांचा एकुलता एक छंद बंद पडला! आम्ही मात्र "किती शांत झालाय हल्ली" असं काकांचंच कौतुक करायला मोकळे.

काकू जेवणाच्या सुट्टीत दुकानातच शिवत बसे. सोफा घेऊन आलेल्या एका चित्रकार बाईंनी ते पाहिलं आणि थेट प्रदर्शनच भरवलं. काका नवा कोट चढवून दारात उभे. येईल त्याला सांगत होते, "हिला हे सुचलं ते माझ्यामुळेच, बरं का." काका इतकं खरं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "ताई, हे सगळं वर्षभर गावोगाव फिरवायचंय. द्याल?"

काकूने तोंड उघडायच्या आत काकांचा दिलदारपणा उफाळून आला. "न्या की खुशाल! घरी खऱ्या वस्तू आहेतच."

मी काकूच्या भुवईकडे पाहिलं. बाबा छत बघू लागले. छताला छान रंग दिला होता.

काकूने कापडी इस्त्री उचलली, तिची वायर नीट गुंडाळली. "न्या सगळं," ती म्हणाली. "पण वाटेत उसवलं तर टाके घालायला माणूस लागेल. मी येते बरोबर."

"वर्षभर?" काका ओरडले. "आणि घरी मी काय करू?"

काकूने कधी आवाज चढवला नव्हता. आज दारापर्यंत ऐकू गेला.

"खऱ्या वस्तू आहेत ना घरी? फेका भिंतीवर. मी नसेन समोर."