न फिरलेला चोक

मी जन्मात बंदूक चालवलेली नाही आणि या वयात चालवणारही नाही. तरी बंदुकीचे चोक कसे काढायचे, कसे पुसायचे आणि कुठल्या हवेला कुठला लावायचा, हे मी आज कोणालाही शिकवू शकते. ही विद्या मला माझ्या थोरल्या भावाने दिली, त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात. तिचं मी काय चीज केलं तेच सांगायला बसले आहे.

दादा कार्डिफच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. तीस वर्षं त्याने तेच काम केलं. दिवस पुरे झालेले नसताना जन्मलेल्या बाळाच्या हातावर बोट फिरवून तो शीर शोधायचा, नर्सेस नुसत्या बघत राहायच्या. त्याला स्वतःला त्याच्या डोक्याचा नाही, बोटांचा अभिमान होता. तिथे नोकरी लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गोदीत काम करणारा एक पेशंट त्याला सेव्हर्नच्या खाडीवर घेऊन गेला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आमचा डॉक्टर पहाटे उठून खाजणात जाऊन बसायला लागला. रानबदकं मारायला.

मला हे कधी पटलं नाही. मी नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, सुट्टीत त्याच्याकडे जायचे आणि दर वेळी भांडायचे.

"रविवारी माणसाने झोपावं. मुके जीव कसले मारतोस? तुला घरी खायला घालत नाहीत का?"

"तू काल चिकन खाल्लंस ना? त्या कोंबडीने काय आत्महत्या केली होती?"

यावर मी नुसता आवाज चढवायचे. वहिनी मध्ये पडायच्या नाहीत. त्या आपलं वाटण वाटत बसायच्या, कारण बदकाचा रस्सा त्या फार सुंदर करत आणि तो मीही दोनदा घ्यायचे.

मग दादाला कॅन्सर झाला. किमोने रोग थोडा थोपवला, पण त्याच्या बोटांची जाणीव नेली. पूर्ण नाही. वस्तू उचलता यायची, लिहिता यायचं, पण शर्टाचं बटण लावताना खाली बघावं लागायचं. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की आता आणखी उपचार नकोत. त्याने ते एखाद्या सहकाऱ्याचं मत ऐकावं तसं शांतपणे ऐकून घेतलं. मी बिनपगारी रजा टाकून कार्डिफला राहायला आले.

खाडीवरचा मोसम फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो. दादाने आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं, "एक विजन. फक्त एक. पण सगळं माझ्या हाताने. काडतूस मी भरणार, नेम मी धरणार, पाण्यातून उचलून आणून ओट्यावर मी ठेवणार. नंतर मी बंदुकीचं सर्टिफिकेट पोलिसांना परत करून टाकतो." विजन म्हणजे तांबूस डोक्याचं, शीळ घालत उडणारं बदक. मला तेव्हाच कळलं की त्याला बदक नको होतं. बोटं अजून आपली आहेत एवढं त्याला एकदा बघायचं होतं.

एका गोष्टीत मात्र त्याने माझी मदत घेतली. चोक म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आटे फिरवून बसवायची बोटभर लांबीची पोलादी नळी. तिचे आटे केसाएवढे बारीक असतात, आणि ते नीट बसलेत की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. म्हणून तो जेवणाच्या टेबलाशी रिकामी बंदूक मांडीवर धरून बसायचा आणि मी त्याच्यासमोर चोक काढायचे. बंदुकीला मी त्याच्या देखत, घरातच हात लावायचा, बाहेर नाही. "तुझ्याकडे सर्टिफिकेट नाही," तो म्हणायचा. नियमांच्या बाबतीत तो असा खडूस होता की वहिनी त्याला 'कौन्सिलचा माणूस' म्हणत.

त्याची बंदूक सेमी-ऑटोमॅटिक होती. खांद्याला धक्का कमी बसतो म्हणून आजारपणात त्याने ती ठेवली आणि बाकीच्या विकल्या. तिच्यात तीनच काडतुसं. "तीन पुरतात," तो म्हणायचा. "तिसऱ्याला नाही लागलं तर आपण घरी जावं."

शिकवताना तो फार गोड बोलायचा. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, अंगठा काढला की जवळच पसरतं, तसंच हे. घट्ट चोक लावला की छर्रे एकत्र राहून लांब जातात, मोकळा लावला की लवकर पसरतात. उंचावरून येणाऱ्या पक्ष्याला हाफ, म्हणजे निम्मा घट्ट, अंगावर येणाऱ्याला मोकळा. हाफच्या वर जायचं नाही, कारण बदकांना आता कायद्याने शिसं चालत नाही, पोलादी छर्रे असतात, ते घट्ट चोकमधून दाबून काढले तर नळीची वाट लागते. खाडीवरून आलं की त्याच दिवशी चोक काढायचा, खारं पाणी पुसायचं, ब्रशने आटे साफ करायचे आणि तांब्याच्या रंगाचं ते खास ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन पातळ लावायचं. "पहिले दोन आटे बोटांनी, मग चोक आवळायची किल्ली. आणि अडलं तर जबरदस्ती नाही. थांबायचं."

जानेवारीत आम्ही दोनदा गेलो. मी थर्मास आणि त्याची घडीची खुर्ची घेऊन मागे. दोन्ही वेळा पक्षी फार लांबून गेले आणि तो हसत परत आला.

दुसऱ्या वेळेनंतरच्या रविवारी ग्रीस संपलं. दादा औषधाने झोपला होता. दुकानं बंद. मी चोक पुसून ठेवले होते आणि नुसतं पोलाद तसंच कोरडं ठेवायला जीव होईना. ओट्यावर खोबरेल तेलाची बाटली होती. आमच्या घरात खोबरेल कशाला चालत नसे? आई शिलाई मशीनला घालायची, कुरकुरणाऱ्या दाराला घालायची, आमच्या डोक्यांना तर घालायचीच. हिवाळ्यात ते गोठतं म्हणून मी ती बाटली रोजच्यासारखी रेडिएटरवर ठेवली, पातळ झाल्यावर दोन थेंब बोटावर घेतले आणि हाफ चोकच्या आट्यांना लावले. संध्याकाळी दादा उठल्यावर त्याने बंदूक धरली आणि मी चोक बसवला. लोण्यासारखा फिरत गेला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्याला सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मोसम संपायला चार दिवस होते तेव्हा आम्ही शेवटचं गेलो. दादाला पहिल्यांदा खाडीवर नेणारा तो गोदीतला पेशंट, आता म्हातारा झालेला, आमच्यासोबत होता, पण तो दोन चरी पलीकडे जाऊन बसला. दादानेच त्याला तिकडे पाठवलं होतं. चिखलावर पांढरं हिव पडलं होतं, माझे पाय घोट्यापर्यंत बधिर झाले होते. वारा पडलेला होता, पक्षी उंचावरून येतील असा अंदाज होता, म्हणून हाफ चोक बरोबर होता.

उजाडता उजाडता समुद्राकडून वारा सुटला. दादाने तोंड वर करून गालावर वारा घेतला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "आता खालून येतात बघ. अगदी डोक्यावरून." त्याने काडतुसं काढून खिशात टाकली, मोकळा चोक आणि किल्ली बाहेर काढली आणि हाफ चोक फिरवायला घेतला.

चोक फिरेना.

त्याने किल्लीला जोर दिला, किल्ली खाचेतून सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली. तिसऱ्या वेळी त्याच्या हातातून ती चिखलात पडली आणि ती शोधायला त्याला वेळ लागला, कारण हाताला लागली तरी त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, "दे इकडे, मी बघते."

"इथे नाही. तुझ्याकडे सर्टिफिकेट नाही."

"अरे, मग तुझ्या मित्राला हाक मारू का?"

"नको." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. "मलाच करू दे."

तेवढ्यात पक्षी आले. आधी शिट्या ऐकू आल्या, मग पन्नास-साठ विजन वाऱ्यावर पंख ताणून, पाय खाली सोडून आम्ही भुलवायला पाण्यात सोडलेल्या प्लॅस्टिकच्या बदकांवर उतरायला लागली. इतकी जवळ की मला त्यांची पांढरी पोटं दिसली. मी काहीही जाणत नसताना मलाही समजलं की यापेक्षा चांगली वेळ येत नाही. दादाने घाईने काडतुसं भरली, बंदूक खांद्याला लावली, आणि खाली घेतली.

"मार ना!" मी म्हटलं. मी, जी आयुष्यभर त्याला मुक्या जीवांवरून बोलत आले.

"हाफने इतक्या जवळून? चिंधड्या होतील. नाही तर कडेचा छर्रा लागून पंख मोडलेला पक्षी तडफडत लांब जाईल. असं नाही करायचं." पक्षी तासभर येत राहिले, सगळे असेच खालून, आणि तो त्यांच्याकडे बघत बसला. मग त्याने हातमोजे काढून स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली. "साधा चोक फिरवता येत नाही मला. संपलं हे."

घरी येऊन त्याने बंदूक वरवर पुसली आणि कपाटात ठेवली. चोक काढायला मला बोलावलं नाही. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, आणि डोक्याला तेल लावावं म्हणून ओट्यावरची बाटली उचलली. आत तेलाचा पांढरा दगड झाला होता. मी बाटली उपडी केली तरी थेंब पडला नाही. तेव्हाच मला कळलं. नंतर लक्षात आलं वगैरे काही नाही, तिथेच, त्याच क्षणी कळलं.

तो वरच्या खोलीत होता. तेरा पायऱ्या. मी चहा घेऊन वर गेले आणि म्हणाले, "बिस्किट देऊ का?"

मी का बोलले नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. तो थकलाय, उद्या सांगू. हसं होईल. घरात मीच सगळ्यांच्या चुका काढणारी, माझी चूक निघाली तर आयुष्यभर ऐकावं लागेल, असंही मनात आलं, आणि त्याचं आयुष्य किती उरलं होतं ते मला माहीत होतं. मोसमाचे चार दिवस बाकी होते. तीन झाले, दोन झाले, संपले. मग सांगून काय उपयोग, हे कारण आयतंच मिळालं. मार्चअखेर दादा गेला.

बंदूक पोलिसांच्या तात्पुरत्या परवान्यावर घरातच राहिली. वहिनींच्याने ती हलवेना. जुलैत मी पुन्हा गेले तेव्हा आम्ही दोघी ती बंदुका विकणाऱ्या दुकानदाराकडे घेऊन गेलो. त्या आठवड्यात इतकं उकडत होतं की गाडीच्या डिकीत हात घालवत नव्हता. मी दुकानदाराला आधीच सांगून टाकलं, "चोक अडकलाय. बहुतेक गंजला असेल."

त्याने बंदूक रिकामी आहे याची खात्री केली, नळीचं तोंड वर धरलं आणि अंगठा आणि एका बोटाने चोक फिरवला. किल्ली घेतलीसुद्धा नाही. चोक बाहेर आला, त्याच्यामागे तेलाचा एक ओघळ नळीवरून खाली आला. दुकानदाराने बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाला, "अडकला कुठे होता? थंडीत धरला असेल. जरा वेळ काखेत धरला असता तरी सुटला असता." त्याला काय माहीत. तो पुढे काडतुसांच्या खोक्यांचं काही विचारत होता, ते मी ऐकलं नाही.

गाडीत बसल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. खोबरेल, रेडिएटर, पांढरा दगड झालेली बाटली, बिस्किट. मी रडत होते आणि मला वाटत होतं, त्या माझ्या पाठीवर हात ठेवतील. वहिनींनी गाडी सुरू केली नाही.

"त्या दिवसापासून ह्यांनी हाताने जेवणं सोडलं," त्या म्हणाल्या. "चमचा मागायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, बोटं माझी राहिली नाहीत. नंतर नंतर माझा हातही धरेनात. मी धरला तर काढून घ्यायचे. हाताला काही कळत नाही म्हणायचे, उगाच कशाला."

"वहिनी, मला माफ करा. मी..."

"मला कशाला सांगतेस?" आमच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "त्यांना सांगायचं होतंस. सहा आठवडे खोलीत बसून होतीस ना त्यांच्या?"

होते. खुर्ची अगदी पलंगाला लावून बसले होते, आणि त्याचे दोन्ही हात सगळा वेळ पांघरुणाच्या आत असायचे.