कासारीण मावशीचे हात

वैशाखातसुद्धा कासारीण मावशी मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. वालूरला आमच्या शेजारीच तिचं बांगड्यांचं दुकान होतं. विचारलं की म्हणायची, "मला थंडी वाजती." आम्ही पोरी हसायचो.

बांगडी भरताना ती पंजा असा दाबायची, की हाडं मेणाची व्हावीत. "हात ढिला सोड, जीव न्हाई घेत तुजा," हे ठरलेलं. मग एका वर्षी बाह्यांखाली लपवलेले कोपरावरचे लाल चट्टे बोटांपर्यंत उतरले, त्यांवरून पांढरे पापुद्रे गळू लागले. बाया हात मागे घ्यायला लागल्या.

तिनं बाजारातल्या एका बोगस डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. आठवड्यात कातडी लख्ख! गोळ्या संपल्या आणि अंगभर उठलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे एसटी बंद होती. ती सुरू होताच मी तिला परभणीला नेलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

डॉक्टर म्हणाले, "हा सोरायसिस. लागट नाही. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी आपल्याच कातडीवर उठल्यात. त्या गोळ्यांनी दबल्या, गोळ्या सुटताच उसळल्या. थोडं असतं तर मलमावर भागलं असतं. आता आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी देतो, पण रक्त तपासत राहावं लागेल."

"माजंच रगात माज्यावर उठलं, मग बायांला काय बोलू?" मावशी म्हणाली.

उतार पडू लागला, पण सावकाश. लग्नसराई तोंडावर आलेली. त्या बाजारातल्या गोळ्या नकोत म्हणून मी किती भांडले! "तुज्या डॉक्टरला कुठं बांगड्या भरायच्यात?" म्हणत तिनं पुन्हा जुन्या गोळ्या गाठल्या. सराई सरली, गोळ्या सुटल्या आणि तापानं फणफणलेल्या मावशीच्या अंगावर पुवाचे फोड आले. कितीतरी दिवस दवाखान्यात पडून होती. त्यानंतर मात्र तिनं डॉक्टरांचं ऐकलं. हात खरोखर स्वच्छ झाले.

गाव मात्र बरं झालं नाही. लागट नाही, लागट नाही, हे सांगून माझा घसा बसला. बाया माना डोलवायच्या आणि सेलूहून बांगड्या भरून यायच्या.

माझ्या लग्नात मी हट्टानं तिच्यापुढे हात धरला. "मावशी, चुडा तूच भर."

तिनं हात पदराखाली घेतले. "तुज्या सासरच्यांला कुणी सांगितलं तर? शुभाचं काम हाय, नको गं बाई."

शेवटी सेलूची कासारीण आली. चुडा भरताना माझे डोळे वाहायला लागले. बाया म्हणाल्या, हात दुखला असेल.